उजव्या हाताचं काम

"उलटा फिरवतेयस!"

पाना हातात धरून झ्द्राव्का न्हाणीघरात तशीच थबकली. आवाज मेतोदीचा होता, तिच्या नवऱ्याचा; बाहेरच्या खोलीत बसून नुसत्या करकरीवरून त्याने ओळखलं होतं. वसंतात अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तो हो-नाहीपलीकडे बोललाच नव्हता. जीभ शाबूत होती, पण बोलावंसंच वाटत नव्हतं. सगळा जन्म रुसे शहरातल्या जहाज-कारखान्यात पाइप जोडण्यात गेलेला हा माणूस, उजवा हात लुळा पडल्यावर खिडकीकडे तोंड करून बसून राही. ती आंघोळ घालू लागली की डोळे मिटून घेई.

आज सकाळी खालच्या मजल्यावरची पेंका तणतणत वर आली होती. "बाई गं, तुमचा शॉवर गळून माझं छत ओलं झालंय. बोलाव की एखाद्या माणसाला!"

"घरात माणूस आहे," झ्द्राव्काने तिला ठणकावलं होतं. आणि दार लावून, मुकाट्याने स्वतःच पाना उचलला होता.

"मग ये ना, दाखव!" आता ती आतून ओरडली.

काठी टेकत तो आला. धापा टाकत स्टुलावर बसला. "मेन कॉक बंद केलास?"

"कसला कॉक?"

"बेसिनखालचा, बये! घर बुडवणार होतीस की!"

तिने कॉक बंद केला. मेतोदीने डाव्या हातात टॉर्च धरला. पण शॉवरचा नळ गंजून घट्ट बसला होता, पाना सारखा सटकत होता.

"नाही निघत रे. दे सोडून."

"जोर मनगटाचा नको, खांद्याचा लाव. माझा लागत नाही आता, तुझा तर लागतोय!"

मग तिने दात-ओठ खाऊन हिसका दिला आणि नळ करकरत सुटला. टोकाचं रबरी वॉशर पार चिरडलेलं होतं.

"हाच तो चोर," मेतोदी म्हणाला. त्याने सांगितलं तसं तिने त्याच्या हत्यारपेटीतलं नवं वॉशर बसवलं, नळ आवळून बंद केला, मेन कॉक उघडला. दोघं शॉवरच्या तोंडाकडे टक लावून बसली. एक थेंबही पडला नाही.

"चल, कपडे काढ. आंघोळ घालते," ती म्हणाली.

"टॉवेल ठेव आणि बाहेर जा."

"अरे, एकटा कसा..."

"स्टूल आहे. डावा हात आहे. जा, दार लाव."

ती बाहेर आली. कडीवर हात ठेवून उभी राहिली. आत पाणी सुरू झालं. जरा वेळाने धप्पकन काहीतरी पडलं. दार ढकलायला तिने कडी घट्ट धरली.

"येऊ नकोस!" आतून मेतोदी ओरडला. "साबण पडलाय. मी नाही!"

झ्द्राव्काने कडीवरचा हात काढून घेतला. भिंतीला पाठ टेकून ती खाली बसली आणि एप्रनने डोळे पुसत, आवाज न करता हसत राहिली.