बाविसाव्या वर्षीचा आवाज

चैत्र उतरणीला लागला होता. यशोधनचा स्टुडिओ गाझियाबादच्या एका जुन्या इमारतीच्या तळघरात होता. मयूर विहारातल्या घरून तिथे जायला अर्धा तासही लागत नसे. परंतु त्या पायऱ्या पुन्हा उतरायला वृंदेला पाच वर्षे लागली. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या कंठातली गाठ काढली. जीव राहिला, स्वर गेला. गेला म्हणजे अगदीच नाहीसा झाला असे नव्हे. खालच्या सप्तकात गुणगुणता येई. पण ज्या वरच्या सुरांवर तिचे नाव झाले होते, तिथे पोचताच आवाज जुन्या वस्त्रासारखा फाटत असे.

तिचे नाव झाले होते, हे आता लोकांना सांगावे लागते. कॉलेजच्या महोत्सवांतून गिटार घेऊन उभी राहणारी ही मराठी मुलगी आपली गाणी आपणच रची, तीही हिंदीत. बाविसाव्या वर्षी तिचा पहिला अल्बम निघाला. सोबत्याबरोबर थोडे अधिक चालता यावे म्हणून बसमधून आधीच उतरणाऱ्या मुलीचे त्यातले गाणे, 'दो स्टॉप पहले', त्या वर्षी दिल्लीतल्या वसतिगृहा-वसतिगृहांतून वाजत होते. पुढे आणखी दोन अल्बम, गावोगावचे कार्यक्रम, आणि मग ती गाठ. आता ती साबणाच्या नि विम्याच्या जाहिरातींसाठी ओळी लिहून देई आणि त्या दुसरेच कोणी गाई.

यशोधनने तिला बोलावले होते ते एका कंपनीच्या प्रस्तावासाठी. पहिल्या अल्बमपासून तिचे ध्वनिमुद्रण त्यानेच केले होते, आणि त्या दिवसांतला तिचा वाद्यांवाचूनचा सुटा आवाज त्याने जपून ठेवला होता. तो सगळा संगणकाला ऐकवल्यावर संगणक आता त्याच आवाजात हवे ते गाऊ लागला होता. वृंदेने नवी गाणी लिहावीत, बाविसाव्या वर्षीच्या वृंदेने ती गावीत, अशी दहा गाणी कंपनी देशभर पोचवणार होती. लोकांपासून काही लपवायचे नव्हते. जाहिरातच तशी होणार होती. राहिली होती केवळ वृंदेची सही.

आणि तिला सही करायची होती. नव्या गाण्यांनी तिच्या वह्या भरल्या होत्या, पण त्या ऐकायला कोणी नव्हते. जो एक श्रोता घरात होता, तो गेल्या मार्गशीर्षात गेला. तिचे वडील नरसिंहराव कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात नोकरीला होते. उभी हयात इतरांच्या मुक्कामाची व्यवस्था लावण्यात गेली. आई इंदुमती वृंदा शाळेत असतानाच निवर्तली, आणि घरात ही दोघेच उरली. लेक बाहेर निघाली की इतर बाप 'लवकर ये' म्हणत. हे म्हणत, 'सावकाश ये.' दिल्लीत वाढल्यामुळे वृंदेचे कितीतरी मराठी शब्द वाटेत हरवले होते, हा मात्र हरवला नव्हता. वडिलांमागे तिने आयुष्यातले पहिले मराठी गाणे लिहिले आणि नमुन्यासाठी म्हणून तेच यशोधनला फोनवर गुणगुणून पाठवले.

"बस. आधी पाणी पी," यशोधन म्हणाला. "आणि रडायचं बिल्कुल नाही. पंधरा दिवस झोपलो नाहीये मी ह्या गाण्यापायी."

"तू? पहिल्या अल्बमच्या वेळी तर बसल्या बसल्या घोरायचास."

"ते ध्यान होतं, यार."

त्याने कळ दाबली.

पहिली ओळ ऐकताच वृंदेचे सर्वांग शहारले. तोच तो स्वर, निर्मळ, कुठेही न अडखळणारा. तिचा कंठ आतल्या आत हलू लागला, जणू गात तीच होती.

*दार लोटलंय, कडी नाही घातली,*
*रात्र सरली, झोप नाही आली,*
*बाबा, घाई नाही, सावकाश या.*

'बाबा' हा शब्द आला आणि वृंदेचा कंठ थांबला. ती हाक तिच्या ओळखीची होती. हा आवाज मुद्रित झाला तेव्हा नऊ दिवस रोज दुपारी नरसिंहराव कामावरून परस्पर इथे येत आणि बाहेरच्या पायरीवर फुटाण्यांची पुडी घेऊन बसत. आत या म्हटले तर येत नसत. मी आत बसलो तर ती माझ्यासाठी गाईल, असे त्यांनी यशोधनला सांगितले होते. त्या दिवसांत 'बाबा' म्हणून हाक मारली की दाराबाहेरून 'ओ' येत असे. त्या 'ओ'ला सरावलेल्या कंठातून आता हे शब्द निघत होते.

"थांबव," ती म्हणाली.

"का? सूर हलला कुठे?"

"सूर ठीक आहे. तिला माहीत नाहीये, यशोधन."

"कोणाला?"

"ह्या मुलीला. तिचे बाबा बाहेर पायरीवर बसलेत, आणि आपण तिच्याकडून हे म्हणवून घेतोय."

त्या पुडीतले फुटाणे यशोधननेही खाल्ले होते. मग व्यवहारी माणसाने बोलावे तसे तो बोलला: हे गाणे बाजूला ठेवू, दुसरे दे, प्रेमाचे दे, प्रवासाचे दे. वृंदेने मनातल्या मनात सगळ्या वह्या चाळल्या. पण ज्या गोष्टी त्या मुलीला ठाऊक होत्या, त्या तिने तेव्हाच गाऊन टाकल्या होत्या. वह्यांत जे होते ते सारे पुढचे होते: रुग्णालयाची खोली, हळूहळू फोन करायचे सोडून दिलेली मैत्रीण, रिकामे घर. दहा गाणी म्हणजे त्या पोरीला दहा वेळा तिचे भविष्य सांगणे.

"मग ऐकणार कोण, वृंदा?" यशोधनने विचारले. "लोक ह्या आवाजाची वाट बघतायत. तुझ्या आत्ताच्या..."

"बोल ना. आत्ताच्या घोगऱ्या आवाजाला कुत्रंसुद्धा विचारणार नाही."

"असं मी म्हणालो नाही."

"तू सभ्य आहेस म्हणून."

तिने सही केली नाही. त्याच दुपारी पट्टी बरीच खाली उतरवून ते गाणे ती स्वतः गायली. शेवटच्या ओळीत आवाज फाटला. पुन्हा घेऊ का, असे यशोधनने खुणेने विचारले. तिने नकारार्थी मान हलवली आणि गिटार खाली ठेवली. कंपनीने पुढे दोन ओळींचे सौजन्यपूर्ण पत्र पाठवले आणि विषय संपला.

वैशाखातल्या एका बुधवारी सकाळी तिने ते गाणे आपल्या नावाने लोकांपुढे ठेवले. दुपारपर्यंत त्याखाली एकच अभिप्राय आला होता, कोणा जुन्या चाहत्याचा: 'अच्छा है, लेकिन ये वृंदा नहीं है।' ती बराच वेळ त्या शब्दांकडे पाहत राहिली. रागावण्याजोगे त्यात काही नव्हते. उत्तर लिहायला घेतले, दोनदा पुसले, आणि मग तसेच राहू दिले.

त्या दिवशी ते गाणे त्रेपन्न वेळा ऐकले गेले. त्यातल्या चार वेळा ऐकणारी ती स्वतःच होती.