लाइट मारते

हळदीची वाटी... पितळेची, काठ जरा चेमटलेला, आणि तिच्या पोटावरून डावीकडून उजवीकडे सरकत जाणारी एक हिरवी पट्टी – पट्टी सरकली की वाटीचे चौकोनी तुकडे होत, तुकडे जागच्या जागी थरथरत, आणि मग सगळं थांबून जाई, वाटीकडे आलेली बोटंसुद्धा. भूपेंद्रने क्लिप पुन्हा मागे नेली. पुन्हा वाटी, पुन्हा पट्टी. आज चौथा दिवस. सोमवारी सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात अपडेटची खूण आली आणि एडिटिंग अर्धवट असताना, चहाचा कप हातात धरून, त्याने ती दाबली होती – काम हातात असताना अपडेट करू नये हे अड्याळच्या बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल, पण दाबली. तेव्हापासून हर्षाच्या लग्नाच्या साऱ्या क्लिपा अशाच.

कॅशे रिकामी करून झाली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकून झालं. साध्या प्लेअरमध्ये लावून पाहिलं तर तिथंही हिरवंच, कारण अपडेटच्या मागोमाग ग्राफिक्स कार्डाचंही काहीबाही बदललं होतं म्हणे. यूट्यूबवरचा एक गुळगुळीत दाढीवाला हिंदीत ‘बस इतना करना है’ म्हणत वीस मिनिटं बोलायचा आणि शेवटी चॅनल सबस्क्राइब करायला सांगायचा. मंजुषा, त्याची बायको, कूलरमध्ये पाणी टाकायला आली तेव्हा पडद्याकडे बघून म्हणाली, “तुमचं काही चुकलं की कम्प्युटरचंच नाव.” ती हसत होती, थट्टेतच म्हणाली होती. पण त्याला ते नको तिथं लागलं.

कारण खरं सांगायचं तर – आणि हे तो स्वतःलाही पहिल्यांदाच सांगत होता – त्या हिरव्या पट्ट्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा छातीत धस्स झालं, ते झालंच, पण त्याच्या मागून लगेच बरंही वाटलं होतं. मंगळवारी हर्षाच्या वडलांना, ताराचंदभाऊंना, फोनवर ‘फुटेज खराब झाली भाऊ, अपडेटनं’ असं सांगताना आपला आवाज किती हलका होता ते त्याला आठवत होतं. तीन आठवड्यांपूर्वी टीझर पाहून हर्षाचा सासरहून मेसेज आला होता – दादा, टीझरमध्ये आई कुठंच नाही, मोठ्या पिक्चरमध्ये आहे ना? त्यावर त्याने अंगठा पाठवला होता. अंगठा पाठवायला काय जातं! मग साऱ्या क्लिपा भराभर पळवून पाहिल्या. नवरीची आई कुठं नजरेस पडली नाही. ती कामात असेल, नवरीची आई कामातच असते, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं, आणि सोमवारी अपडेटने आयतं कारण हातात आणून दिलं. नाचता येईना अंगण वाकडं... माझं तर अंगण खरोखरच वाकडं झालं होतं, कोण काय म्हणणार होतं मला?

पण आज सकाळी फोन आला तो ताराचंदभाऊंचा नव्हता, त्यांच्या फोनवरून दुसरंच कुणी बोलत होतं.

“बाबू, मी उषाबाई बोलून राहिली. हर्षाची आई. शूटिंग खराब झाली मनते हर्षाचे बाबा... माह्याच्यानं तं नाही झाली ना? तुमी मनले होते लाइट मारते मनून. मी बाजूलेच होती मंग सारा वेळ. पण एकदोन खेपा आली असन मधात. त्याच्यानं तं नाही ना बिघडलं?”

तो म्हणाला, “पाहतो मावशी.” नाही म्हणाला नाही. नुसतं पाहतो. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, ही बाई कोणत्या लाइटचं बोलते? त्याला खरंच आठवत नव्हतं.

म्हणून त्याने आवाज सुरू केला. लग्नाच्या एडिटिंगमध्ये पहिलं काम असतं आवाज बंद करण्याचं. क्लिप घेतली की तिचा आवाज मारायचा आणि वर गाणं अंथरायचं, हळदीला एक, वरातीला एक, पाठवणीला रडकं एक. मांडवातलं बोलणं कोण ऐकतं? नऊ वर्षांत दोनशेच्या वर लग्नं केली, पण त्यांतल्या एकाचाही आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. आता चित्र हिरवं होऊन थरथरत होतं आणि आवाज मात्र अगदी स्वच्छ होता. कूलरची घरघर, बायांचं हसणं, कुणाची तरी पाट्यासाठी हाकाहाक... आणि मग अगदी माइकच्या जवळून, सगळ्यांपेक्षा मोठा, त्याचा स्वतःचा आवाज –

“ओ मावशी, जरा बाजूले व्हा ना. लाइट मारून राहिली तुमच्यावर.”

“हो का बाबू? कुठं उभी राहू?”

“तिकडं. आणखी तिकडं... हां.”

पांढरं कोड. उषाबाईच्या ओठांभोवती, डोळ्यांच्या कडांना, आणि हात तर मनगटापर्यंत पांढरे. आता सगळं आठवलं. हळदीच्या पिवळ्या गर्दीत तो चेहरा कॅमेऱ्यात आला आणि याच्या मनात टीझर होता, आपल्या पेजवर टाकायचा, पवनी-भंडाऱ्याच्या, लग्नाच्या ऑर्डरी देणाऱ्या पार्ट्या तो बघणार होत्या.

कुणीतरी सांगितलं असेल. नवरदेवाकडच्यांनी कानात सांगितलं असेल की बाईला फ्रेममध्ये घेऊ नका, असं होतं पुष्कळदा, तो आशेने क्लिप मागे मागे नेत गेला, अकरा मिनिटं मागे – बाया, पाटा, एक रडणारं लेकरू, हर्षाचं ‘आई, थंडी वाजते’ आणि उषाबाईचं ‘वाजू दे, एकच दिस आहे’ – पण कुणी काही सांगितलं नव्हतं. कुणीच नाही. त्या मांडवात तिचे डाग फक्त त्यालाच दिसले होते, बाकीच्यांना ती हर्षाची आई दिसत होती.

ही विद्या मूळची नंदलालची. भंडाऱ्याला नंदलालच्या फोटो स्टुडिओत तो उमेदवारी करत होता तेव्हा म्हातारा सांगायचा, तोंडावर कोणाले नको म्हणू नये. बुटका असो, तिरळा असो, म्हणायचं लाइट मारते, जरा सरका. लाइट काही भांडायले येत नाही! आणि दोघंही हसायचे. माणसाला दुखवायचं नाही, केवढा चांगुलपणा वाटायचा त्यात... आणि ही बाई महिनाभर, लग्नाचा मांडव उतरल्यावरही, आपल्या अंगावर लाइट मारते हे खरं धरून बसली होती. मी तिला सरक म्हणालो असतो, तुझे डाग दिसतात म्हणालो असतो, तर तिने चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाली असती.

जेवायची वेळ टळून गेली. मंजुषाने दोनदा हाक मारली, दोनदा तो ‘आलो’ म्हणाला. मग कधीतरी, दाढीवाल्याच्या व्हिडिओखाली कुणा अनोळखी माणसाने लिहिलेल्या एका ओळीवरून, त्याने सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंगपुढची खूण काढली आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं. वाटी आली. पट्टी आली नाही. काठ चेमटलेली पिवळीधम्मक वाटी, बोटं तिच्यात बुडाली, हर्षाच्या गालाला लागली. चार दिवसांचं दुखणं एका टिचकीत गेलं, आणि त्याला आनंद व्हायला हवा होता.

आता सगळं दिसत होतं. उषाबाई हसत आत येते, हातात हळद घेते, मग कॅमेऱ्याकडे बघते – म्हणजे माझ्याकडे – आणि आपल्या हाताकडे बघते, जणू लाइट तिथं कुठं मारते ते शोधते आहे. मग पदर ओढते. एक पाऊल, दोन पावलं... आणखी तिकडं. हातातली हळद तशीच राहते.

त्याने कन्यादान काढलं. हा तुकडा त्याने महिन्याभरापूर्वीच कापून ठेवला होता आणि काही तरी खटकतं म्हणून चित्र जरा मोठं करून घेतलं होतं, शंभर टक्क्यांचं एकशेअठरा, म्हणजे कडा आपोआप चौकटीबाहेर जातात. काय खटकत होतं ते तेव्हा नीट पाहिलंही नव्हतं. त्याने पुन्हा शंभर केलं. डाव्या कडेतून एक हात आत आला. हातावर पदर गुंडाळलेला, पण लोटा धरायचा म्हणून बोटं उघडीच, पांढरी. चेहरा चौकटीत येऊ नये म्हणून ती इतकी लांब उभी होती की हात खांद्यापासून ताणलेला, लोटा हलत होता, आणि तरी पाण्याची धार बरोबर हर्षाच्या ओंजळीत पडत होती.

त्याने सकाळच्याच नंबरावर फोन लावला. उचलला उषाबाईनेच.

“झाली दुरुस्त,” तो म्हणाला. “तुमच्याच्यानं काही बिघडलं नव्हतं मावशी.”

पलीकडे उषाबाईने इतका मोठा श्वास सोडला की तो त्याला कानात जाणवला. मागे तेंदूच्या पानांचे पुडे बांधत असावेत, पानांची खसखस ऐकू येत होती. ती म्हणाली की मंगळवारपासून घास गोड लागला नाही, वाटत होतं की आपल्याच पायानं पोरीचं लगन खराब झालं. मग आवाज बारीक करून म्हणाली, “पाणी सोडतानी माहा हात आला असन बाबू त्याच्यात. तेवढा कापून टाका. पोरीच्या सासरचे पाहतीन.”

आता. आता सांगायचं, नाही तर कधीच नाही. त्याने डोळे मिटले.

“मावशी, लाइट तुमच्यावर मारत नव्हती. मी खोटं बोललो. मले तुमचे डाग...”

“काय मनलं?” ताराचंदभाऊंचा आवाज होता. “फोन माह्यापाशी आहे आता. ते गेली आतमंधी, देवापाशी दिवा लावतो मने. काय मारत नव्हती?”

“काही नाही भाऊ,” भूपेंद्र म्हणाला. “शनिवारी पेनड्राइव्ह देतो.”

फोन बंद झाला. दिवा लावायला गेली होती ती, माझ्या नावाने की कम्प्युटरच्या, देव जाणे. लाइट भांडायला येत नाही, नंदलाल म्हणायचा. उषाबाईही आली नव्हती, तिने उलट विचारलं होतं की माझं काही चुकलं का. पुन्हा फोन लावावा असं त्याच्या मनात आलं आणि अंगठा ताराचंदभाऊंच्या नावावर जाऊन थांबला, तोच अंगठा, हर्षाला पाठवलेला. मंजुषाने तिसऱ्यांदा हाक मारली. पडद्यावर तो हात थांबला होता, कडेतून लांब ताणलेला, अजून तरी पुन्हा न कापलेला, आणि भूपेंद्रला एकाएकी आपल्या दोन्ही हातांची इतकी लाज वाटली की ते टेबलावर ठेवावेत की मांडीवर, हेही त्याला कळेना.