दाखल्याची जागा

"ताई, 'सावकार' अजून तुमच्याच टेबलावर? व्याज लावलंत की काय त्याला?"

टंकलेखक हसला. ताईही हसल्या. आपले वडील सावकार होते, हे शब्दकोशाच्या या कचेरीत अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

कार्डावर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात होतं : साधुकार, मग साहुकार, मग सावकार. खाली दोन अर्थ. पहिला, सचोटीने वागणारा. दुसरा, व्याजाने पैसे देणारा. दुसऱ्याखाली दाखल्यांची रांग लागलेली. पहिल्याखाली काहीच नाही.

"उद्या छपाईला जायचंय," संपादक म्हणाले. "जुन्या लिखाणातलं एक वाक्य आणा, नाहीतर पहिला अर्थ काढा. नियम तुम्हीच शिकवलात मला!"

घरी येऊन ताईंनी बाबांचा पत्र्याचा डबा उघडला. लोकांची पत्रं. विनवण्या, वायदे, शिव्याशाप. एकात होतं, 'सावकार, तुमच्या पोरीला कुणी दारात उभं करणार नाही.' तसंच झालं होतं. बघायला आलेले दोघं पाणी पिऊन निघून गेले, तिसरा आलाच नाही.

"अगं, कुणाचा एक पैसा जास्त घेतला नाही मी," बाबा म्हणायचे. "लिहील की कुणीतरी कधीतरी."

तेवढ्यासाठी ताईंनी पत्र न् पत्र वाचलं. कुणीच लिहिलं नव्हतं.

तळाशी एक कोरा, पिवळा पडलेला कागद उरला. एकच वाक्य तर हवं होतं. कोण बघायला येणार होतं? ताईंनी पेन उचललं. 'आमचे सावकार म्हणजे' इथवर शब्द मनात जुळलेही. मग त्यांनी हलकेच टोपण लावलं, कागद होता तसा ठेवला आणि डबा मिटला.

सकाळी पट्टी धरून पहिल्या अर्थावर त्यांनी सरळ रेघ मारली. दुसऱ्या अर्थाखाली एक दाखला वाढवला.

"'कुणी दारात उभं करणार नाही'... काय वाक्य आहे हो!" संपादक म्हणाले. "पण ताई, पत्र कुणाकडून मिळालं, ती जागा रिकामीच ठेवलीत. तुम्ही? कमाल झाली!"

ताईंनी कार्ड परत घेतलं. त्या जागेत सावकाश लिहिलं : सावकाराची मुलगी.

टंकलेखकाचं यंत्र थांबलं. शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरून ताई उभ्या राहिल्या.