शेपूट आलं का?

आमच्या घरात स्कीवर निघताना सगळ्यात मागे कोण राहणार, हे कधी ठरवावं लागलं नाही. मागे मी. पोरांचे पडलेले हातमोजे उचलायचे, सुटलेले पट्टे लावायचे, रडणाऱ्याला उठवून उभं करायचं, ही कामं मागच्याची. पुढे माझा नवरा, व्हर्लिन. ताज्या बर्फात पहिली वाट तो पाडायचा. गोठलेलं तळं ओलांडल्यावर, बीव्हर नावाच्या प्राण्यांनी घातलेल्या बांधापाशी, वाट चढून जंगलात वळते. तिथल्या म्हाताऱ्या हेमलॉकच्या झाडाखाली तो थांबायचा आणि माझी लाल टोपी दिसली की ओरडायचा, “शेपूट आलं का?” मी खालून ओरडायचे, “आलं!” की स्वारी वळून पुढे. उभ्या संसारात त्या जंगलात मला त्याची पाठच दिसली. करडं लोकरीचं जाकीट, कोपरांवर मी लावलेली ठिगळं.

ऑगस्टमध्ये तो गेला. टोमॅटोच्या वाफ्याला पाणी घालता घालता.

फेब्रुवारीत माझ्या मुलाचा, रोल्फचा, फोन आला. “आई, आम्ही येतोय. बाबा नसले तरी दरवर्षीसारखं स्कीवर जायचंच.” मी इतकी हरखले की सगळं घर झाडून काढलं, हरणाच्या मटणाचं सूप रटरटत ठेवलं, माझ्या स्की सरसर घसराव्यात म्हणून त्यांना मेण घासलं. खोटं कशाला बोलू, मला सुपाची वाहवा नको होती. एकच हवं होतं. त्या वळणावर कुणीतरी मला तसं विचारावं. आणि मी आपणहून सांगणार नव्हते. सांगून मारायला लावलेल्या हाकेत कसली आलीये गंमत?

शनिवारी सगळे आले. रोल्फ, सून शॉना आणि त्यांची दोन पोरं, मारेन आणि टेट.

“आर्डिस, तुम्हाला झेपेल ना एवढं?” बूट घालता घालता शॉनाने मला विचारलं.

“तुझ्या जन्माआधीपासून झेपतंय,” मी म्हटलं.

रोल्फने मनगटावरचं हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ नीट केलं. “चला रे. मी पुढे. रेंगाळायचं नाही हं कुणी.”

“शर्यत आहे का ही, बाबा?” मारेन कुरकुरली.

“त्याला घड्याळ दमवतं, म्हणून तो आपल्याला दमवतो,” मी म्हटलं. पोरं हसली आणि आम्ही निघालो.

तळ्याच्या मध्यावर टेटचा हातमोजा पडला आणि वाऱ्याने पार मासे धरणाऱ्यांच्या खोपटापर्यंत पळवला. मी त्याच्यामागे वळले. परत येते तो चौघं झाडीत दिसेनाशी झाली होती. त्यात माझ्या स्कीच्या बूट अडकवायच्या खटक्यात बर्फ जाम झाला. हातमोजे काढून तो कोरायचा, बोटं बधिर झाली की काखेत धरायची, परत कोरायचा. हेमलॉकपाशी पोचले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. नुसते नसते तरी चाललं असतं. पण माणसं थांबली की आजूबाजूचा बर्फ तुडवला जातो, आणि इथे एक पाऊलसुद्धा बाजूला पडलेलं नव्हतं. सगळ्यांच्या स्कीच्या रेघा वळणावरून सरळ निघून गेल्या होत्या.

थंडी आहे, पोरं लहान आहेत, असं मी मनाला समजावलं. मग मूर्खासारखी मीच ओरडले, “आलं!” फांदीवरचा निळा पक्षी खेकसून उडून गेला. मला रडू फुटलं. पण आमच्याकडे हिवाळ्यात बाहेर फार वेळ रडता येत नाही, पापण्या गोठून एकमेकींना चिकटतात.

वाट वळसा घालून घरीच येते. दार उघडलं तर घरभर कोकोचा वास.

“अगंबाई, तुम्ही बाहेर होतात?” शॉना म्हणाली. “मला वाटलं, मधूनच परतून वर जाऊन आडव्या झालात.”

रोल्फ शेगडीसमोर पाय पसरून बसला होता. मान न वळवताच त्याने विचारलं, “सगळ्या स्की आत आल्या ना?”

मी टेटला त्याचा हातमोजा दिला आणि सूप वाढायला घेतलं. वाढताना लक्षात आलं, माणसं मोजायचं काम कायम माझं होतं. मला मोजणारा एकच होता, आणि ते त्याने कुणाला शिकवलं नव्हतं. घर माणसांनी भरलेलं असूनही मला त्या रात्री इतकं एकटं वाटलं, जितकं व्हर्लिन गेल्यावर रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं.

सकाळी बघते तो वीतभर नवा बर्फ. न्याहारीला मी जाहीर केलं, “आज मी पुढे.”

रोल्फला हसू आलं. “आई, शेपूट पुढे निघालं तर जनावराने चालायचं कसं?”

म्हणजे शब्द लक्षात होता पठ्ठ्याच्या!

“उलटं, मागे मागे,” मी म्हटलं.

“बरं, तू हो पुढे. टेटचे बूट वाळले की आलोच.”

पुढे निघाले आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर कुणाची पाठ नव्हती. सगळं पांढरं. जन्म गेला या जंगलात, तरी घटकाभर वाट कुठली ते कळेना. हेमलॉकपाशी पोचले, थांबले, आणि खोडाकडे लक्ष गेलं. माझ्या डोक्याच्या उंचीवर एका जागी साल झिजून गुळगुळीत झाली होती, जुन्या दाराची कडी होते तशी. व्हर्लिनचा खांदा तिथेच यायचा. मी वर पोचेपर्यंत तो निघालेला असायचा, मीही न थांबता त्याच्यामागे, मग ती मला दिसणार कशी?

मी उभी राहिले. चालताना थंडी कळत नाही, उभं राहिलं की ती अंगठ्यातून वर चढते. इतके हिवाळे हा माणूस इथे काकडत उभा राहिला, आणि मी मागून निवांत, कोल्ह्याच्या पावलांकडे बघत, मुद्दाम हळू यायचे. वाटायचं, पुढे राहणाऱ्याची मजा असते. मला त्याचा भयंकर राग आला. एकदा तरी सांगायचंस की, मेल्या!

बूट वाळायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ गेला. मग रोल्फ आला. चालत. स्कीच्या वाटेवर बुटांनी चालायचं नाही, हे आमच्याकडे पोरं बोलायला लागायच्या आधी शिकतात. आणि हा गुडघाभर खड्डे पाडत, मी पाडलेल्या वाटेचं पार वाटोळं करत आला.

“आई, दुपारी वादळ आहे. महामार्ग बंद करतील. स्की गाडीवर बांधल्या सुद्धा. चल लवकर.”

“म्हणजे येणार नव्हतातच?”

“येणार होतो गं. खरंच.”

मी खोडाकडे बोट दाखवलं. त्याने बघितलं, आणि त्याला सांगावं लागलं नाही.

“मी बाबांच्या मागेच असायचो,” तो म्हणाला. “मला थंडी वाजायची, मी पुढे चला म्हणून भुणभुण करायचो. म्हणायचे, तुझी आई दिसल्याशिवाय हलायचं नाही.”

“आणि काल?”

त्याने नाक पुसलं. “काल इथे थांबायला नाही जमलं, आई. थांबलो असतो तर पोरांसमोर रडलो असतो. मान खाली घातली आणि सुटलो.”

“हो पुढे,” मी म्हटलं. “मी पट्टा आवळून येते.”

तो खड्डे पाडत गेला. मी त्याच्यामागून, त्या नासलेल्या वाटेवर अडखळत. तळं संपलं की आमच्या अंगणाआधी स्प्रूसच्या झाडांची दाट रांग आहे. तिच्यापलीकडे गाडी धुरावत उभी होती. ती गेली की ईस्टरला ते परत येईपर्यंत घरात मी आणि शेगडी. रोल्फ झाडांपलीकडे पोचला, दोन पावलं गाडीकडे टाकली, आणि थांबला. वळला.

“शेपूट आलं का?”

आवाज बापाचाच होता, जरासा फाटलेला.

मी स्प्रूसच्या आड होते, त्याला दिसत नव्हते. मला तो फांद्यांमधून दिसत होता. कान उघडे, टोपी हातात, जंगलाकडे तोंड. शॉनाने हॉर्न वाजवला. तो हलला नाही. त्याने परत हाक मारली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ‘आलं’ म्हटलं की तो वळून निघून जाणार.

हॉर्न पुन्हा वाजला. रोल्फने मागे न बघता गाडीकडे हात केला, थांबा म्हणून. मी आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिले.