निहारचं नाव

"चारचौघींत कसं वागावं ते कळत नाही तुला," लिफ्टचं दार बंद होताच मी मेधाला सुनावलं. "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

ती लिफ्टच्या आकड्यांकडे बघत उभी राहिली. हीच तिची खोड. भांडली तर निदान मला चार शब्द आणखी बोलता तरी येतील. पण नाही.

झालं होतं ते असं. सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या आमच्याच इमारतीत वर राहणाऱ्या उर्मिलाने संक्रांतीचं हळदीकुंकू केलं होतं. बायका एकेक करून नवऱ्याचं नाव घेत होत्या. कुंकवाची डबी मेधापाशी आली आणि उर्मिलाने ती काही न बोलता पुढच्या बाईकडे सरकवली. मुद्दाम नव्हे, रीतच आहे ती. माझ्यापुढूनही तशीच सरकली होती. मी मुकाट्याने तिळाची वडी खात बसले. इतकी वर्षं तेच करत आलेय आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण आमच्या सूनबाई म्हणाल्या, "उर्मिलाताई, माझं नाव घ्यायचं राहिलं."

उर्मिला बिचारी चहा बघायला आत पळाली.

मेधा माझ्या निहारची बायको. निहार अमेरिकेत होता. पेट्रोल भरून पंपावरच्या दुकानात पाण्याची बाटली घ्यायला गेला आणि तिथे गल्ला लुटायला आलेल्या एकाने त्याला गोळी घातली. बंदूक त्याने जत्रेतून घेतलेली. तिकडे बंदुकांच्याही जत्रा भरतात म्हणे. विकणाऱ्याने नाव-गावसुद्धा विचारलं नाही. आमच्याकडे बाजारात बैल घ्यायचा तर आधी त्याचे दात बघतात, मालक कोण ते विचारतात.

मेधाचा तिथला व्हिसा निहारच्या नोकरीवर होता. तो गेला, तिलाही तो देश सोडावा लागला. इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधनाचं काम मिळालं, आणि साताऱ्याला मी एकटी म्हणून मलाही अधूनमधून बोलावून घेते. इथे बरं आहे. पोरी एकट्या MRTच्या रेल्वेने येतात-जातात, कुणी वळून बघत नाही. तरी हिचं चित्त तिकडेच. गोळीने माणसं गमावलेल्या तिकडच्या घरांशी रोज सकाळी लॅपटॉपवर बोलणं. कायदा करा, कायदा करा. ना त्या देशात घर राहिलं, ना मत द्यायचा हक्क. हिचं कोण ऐकणार?

त्या संध्याकाळी कणीक मळता मळता ती म्हणाली, "आई, उद्या सकाळी तिकडच्या खासदारांसमोर बोलायचंय. प्रत्यक्ष संसदेतल्या."

"काय मागणार?"

"बंदूक विकण्याआधी घेणाऱ्याची चौकशी व्हावी, सगळ्या देशात एकच नियम. पोलिसांनी मेलेल्याच्या माणसांना गुन्हेगारासारखं वागवू नये, आणि वेळेवर कळवावं. आणि घरच्यांना मदत मिळावी, परदेशी असले तरी." हात थांबवून तिने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, ते सांगू का त्यांना?"

"मुळीच नाही. माझं दुःख मी परक्यांच्या दारात मांडत नाही."

"बरं," म्हणाली, आणि कणकेला तेलाचा हात लावला.

सकाळी तिने तांदळाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवला. मी यंत्राला दिसणार नाही अशी कोपऱ्यात मेथी निवडत बसले. पडद्यावर लाकडी भिंतींची मोठी खोली, मागे झेंडा, लांबलचक टेबलाशी कोटातली माणसं. तिकडे संध्याकाळ होती. आमच्या खिडकीखाली शाळेची बस उभी.

मेधाने ओढणी सारखी केली आणि पहिलाच शब्द उच्चारला: "निहार पद्माकर पाटणकर."

माझ्या हातातली काडी हातातच राहिली. मुलगा गेल्यापासून त्याचं नाव मी ओठावर आणलं नव्हतं, आणि त्याच्या बापाचं तर जन्मात उखाण्यापलीकडे नाही. हिने दोघांना एका दमात त्या दरबारात नेऊन उभं केलं.

पुढचं सगळं इंग्रजी. मला काय कळणार? पण आवाज कळतो. ना रडली, ना अजिजी केली. मधूनमधून निहार, निहार म्हणत राहिली, आणि ती कोटातली माणसं हातातलं सगळं खाली ठेवून, मान वर करून ऐकत होती. कोण ही? परवा गॅसचं बटण चालू राहिलं म्हणून माझी बोलणी खाल्लेली ही पोर!

मग पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी काहीतरी विचारलं. मेधा थोडंसं बोलून थांबली. बाई वाट बघत होत्या.

"काय ग?" मी कोपऱ्यातूनच विचारलं.

"त्या विचारतायत, निहारच्या आईला कोणी कळवलं. मी म्हटलं, ते सांगायची मला परवानगी नाही."

भर संसदेपुढे अडली, पण मला दिलेला शब्द तिने मोडला नव्हता.

मी मेथी बाजूला केली, खोचलेला पदर सोडून खांद्यावर घेतला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"सांग त्यांना. शेजारच्या पोराने मोबाईल पुढे धरला आणि विचारलं, काकू, हा आपला निहारच ना? फोटो होता. जमिनीवर पडलेला. अंगात मी पाठवलेला स्वेटर. तिकडच्या पोलिसांनी फोन केला नाही. बायकोला करू दिला नाही. तिलाच बसवून ठेवून विचारत होते, नवऱ्याशी भांडण होतं का. जगाने आधी बघितला, आईने मागून. सांग."

मेधाने सांगितलं. तेवढं सांगताना मात्र तिचा आवाज एकदा हलला. त्या बाईंनी चष्मा काढून हातात धरला, आणि माझ्याकडे बघत सावकाश म्हणाल्या, "निहार." अगदी बरोबर म्हणाल्या.

पडदा काळा झाल्यावर मी विचारलं, "होईल का ग कायदा?"

"मागच्या वेळी मतदानात पडला होता, आई. याही वेळी पडेल कदाचित."

"मग?"

"मग परत बोलायचं." विरजण बिघडलं तर पुन्हा लावू, अशा थाटात म्हणाली, आणि पाठीला पिशवी अडकवून कामाला निघाली.

मी दारापर्यंत गेले. ती चपला घालत होती.

"मेधा, ऐक. नाव घ्यावं तर असं. पुढच्या संक्रांतीला उर्मिलाकडे पहिलं नाव तू घ्यायचंस. डबी कोण पुढे सरकवतं ते मी बघते."