सरळ केलेल्या पट्ट्या

तिने चौकटीतून पोलादी पट्ट्या चौथ्यांदा काढल्या, पुसल्या आणि पुन्हा सरकवल्या. मीटरने तोच आकडा दाखवला: किलोमागे साडेतीन वॅट. तिचं समीकरण मात्र तीनवर अडून बसलं होतं.

मोटारीच्या गाभ्यातला पत्रा विजेच्या उलटसुलट प्रवाहाने तापतो आणि तेवढी वीज वाया जाते. किती जाईल ते आधीच सांगणारं समीकरण तिने दोन वर्षं खपून मांडलं होतं.

"शुक्रवारपर्यंत जुळलं नाही तर विकतचं सॉफ्टवेअर घेऊ," साहेब म्हणाले होते. आज बुधवार होता.

घरी बाबा दाराची बिजागरी सोडवत बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी पत्र्याचे डबे आणि पेट्या घडवल्या. आई गेल्यापासून ते लेकीकडे होते, आणि रिकामे हात त्यांना स्वस्थ बसू देत नसत. घरातल्या सगळ्या बिजागऱ्या दुरुस्त करून झाल्या होत्या, धडधाकट होत्या त्यासुद्धा.

"तोंड का पाडलंयस?"

"पट्ट्या ऐकत नाहीत, बाबा."

"अजून? मी तर एकेक सरळ करून दिली होती."

ती पर्स ठेवता ठेवता थांबली.

"कधी?"

"नंबर टाकायला घरी आणल्या होत्यास ना, त्या रविवारी. तुझा डोळा लागला होता. जरा बाक होता गं त्यांना. खाली कापड घालून लाकडी हातोडीने ठोकल्या. एक ओरखडा दाखव!"

ओरखडा नव्हताच. म्हणून तर तीन आठवडे तिला काही कळलं नव्हतं. तिला संताप आला. मग तिने बाबांकडे पाहिलं. ते शाबासकीची वाट पाहत होते, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"बाबा, हा पत्रा फार हळवा असतो," ती हळूच म्हणाली. "ठोकला की त्याला आतून ताण बसतो, मग तो जास्त तापतो."

बाबांनी पेचकस खाली ठेवला. रात्री ते धड जेवले नाहीत.

गुरुवारी तिने कोऱ्या पट्ट्या लावल्या. बरोबर तीन वॅट. शुक्रवारी साहेबांनी दोन्ही आकडे पाहिले, ठोकण्याची गोष्ट ऐकली.

"कारखान्यात तर पत्रा ठोकतातच की," ते म्हणाले. "तेही तुमच्या समीकरणात बसवा."

संध्याकाळी तिने नव्या पट्ट्यांचा गठ्ठा बाबांपुढे ठेवला, शेजारी त्यांची हातोडी.

"ह्या ठोकून द्या. ठोकल्यावर किती बिघडतं ते मोजायचंय."

बाबांनी हातोडी उचलली आणि पहिल्या पट्टीवर नुसती टेकवली.

"असं नाही, बाबा. त्या रविवारसारखं."

"त्या रविवारी मला माहीत नव्हतं गं, त्यांना लागतं ते."

ती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. बाबा पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले.

"ह्या नंतर बऱ्या होतात का?"

"होतात. भट्टीत तापवायच्या आणि अगदी सावकाश गार होऊ द्यायच्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

बाबांनी खालचं कापड नीट केलं आणि हातोडी उचलली.