ओर्कांनी पळवलेलं सुकाणू

मी एक जुनं सुकाणू आहे. खरं म्हणजे पाऊण सुकाणू आहे, कारण माझी खालची कड समुद्रातच राहिलीय. हसू नका, मित्रांनो! होडीचं शीड सगळ्यांना दिसतं, त्याचे फोटो निघतात. पाण्यात राहून होडी वळवणाऱ्या सुकाणूकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. आज बोलायची संधी मिळालीय, तर मी बोलणारच.

बार्बाते बंदरातल्या फर्मिन सुतारांनी मला जुन्या ओकच्या लाकडातून घडवलं. फार तापट म्हातारा! रंधा नीट चालला नाही, तर रंध्यालाच शिव्या घालायचा. पण मी तयार झालो तेव्हा माझ्यावरून हात फिरवत लेकीला म्हणाला, "ओलिवा, हे तुझ्या होडीला. लग्नात द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही." मग 'मारिस्मा' नावाच्या शिडाच्या होडीमागे, लोखंडी बिजागऱ्यांवर, मला दारासारखं टांगलं गेलं. ओलिवा आणि तिचा नवरा मेल्चोर त्या होडीवरच राहायचे. जमिनीवर त्यांचं घर नव्हतं. स्वयंपाक, कपडे वाळत घालणं, भांडणं, सगळं तिथेच चालायचं आणि मला मुकाट्याने ऐकावं लागायचं.

भांडणं वसंतातच जास्त. वसंतात ट्यूना मासे आमच्या किनाऱ्याजवळून जातात आणि मेल्चोर शेजारच्या झाहारा गावच्या मोठ्या जाळ्यांवर कामाला लागतो. जाळं वर ओढलं, की माणसाहून मोठे मासे जिवाच्या आकांताने एकमेकांवर आपटतात. गडी लोखंडी आकडे घेऊन आत उड्या मारतात. पाणी लालभडक होतं. मेल्चोर संध्याकाळी होडीवर परत यायचा, पण त्याचा हात काही त्या जाळ्यातून परत यायचा नाही. दार अडकलं, मार लाथ. दोर गुंतला, चालव सुरी. मी जरा जड फिरलो, तर मलाही लाथ!

"तो मासा नाहीये, मेल्चोर," ओलिवा म्हणायची. "माझ्या बापाने केलेलं सुकाणू आहे."

"म्हणूनच एवढं हट्टी आहे!" तो म्हणायचा आणि दोघं हसायची. मला नाही हसू यायचं.

एका मे महिन्यात पूर्वेचा वारा चढायची चिन्हं दिसली. झाहारासमोर टाकलेला नांगर उचलून बार्बातेच्या बंदरात जायचं ठरलं. मेल्चोरच्या वाट्याला त्या दिवशी ट्यूनाचं भलंमोठं डोकं आलं होतं. होडीवर बर्फ नव्हता. त्याचा बाप करायचा तसं त्याने ते डोकं जाळीच्या पिशवीत घातलं, माझ्या कडीला बांधलं आणि गार पाण्यात सोडून दिलं.

"ओर्का फिरताहेत," ओलिवा म्हणाली. ओर्का म्हणजे ट्यूनांच्या मागावर येणारे काळे-पांढरे, दातांचे देवमासे. "ते वर घे आधी."

"अख्खे ट्यूना सोडून त्या माझ्या डोक्यामागे कशाला येतील?"

"तुझ्या डोक्यामागे कुणीच येणार नाही रे बाबा. माशाचं म्हणतेय मी."

त्याने ऐकलं नाही. कपाळ माझं!

किनारा दूर राहिला आणि काळ्या पाठीचं एक पिल्लू माझ्याजवळ आलं. पिल्लू कसलं, चांगलं घोड्याएवढं होतं! त्याने पिशवी तोंडात धरून ओढली. मेल्चोर उसळला. "चोरटे, सोड!" एका हातात मला वळवायचा दांडा आणि दुसऱ्या हातात आकडा घेऊन त्याने घाव घातला. पिल्लाच्या पाठीतून रक्त आलं. पिशवी सोडून ते ओरडत खाली गेलं. तो आवाज माझ्या लाकडातून आरपार गेला.

"पुरे! दोर काप, डोकं जाऊ दे!" ओलिवा ओरडली.

"माझ्या घामाचं आहे ते!"

तेवढ्यात खालून पिल्लाची आई आली. जवळजवळ होडीएवढीच होती ती. तिने मला अशी धडक दिली, की होडी जागच्या जागी फिरली. मेल्चोरने सगळा जोर लावून दुसरा घाव घातला. ती बुडी मारून गेली आणि आकडा घुसला तो माझ्यात. त्याने तो हिसडून काढला. माझा जीव कळवळला. मग दुसऱ्या बाजूने आणखी एक ओर्का आली. माझा दांडा फाडकन फिरला आणि मेल्चोरचा उजवा हात दांडा आणि कठड्यामध्ये सापडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, मित्रांनो. आकडा पाण्यात पडला आणि मेल्चोर गुरासारखा ओरडला.

त्या थांबल्या नाहीत. दर धडकेला माझ्या बिजागऱ्या होडीच्या मागच्या फळ्या उचकटत होत्या. पाणी आत घुसलं. ओलिवाने खाली डोकावून पाहिलं, तर गादी तरंगत होती. ती हातोडा घेऊनच वर आली.

"सुकाणू सोडतेय मी."

"वेड लागलंय का? सुकाणू गेलं की होडी गेली!"

"फळ्या गेल्या की होडी गेली. सुकाणू गेलं तर वल्हं आहे. तू गप बस आणि डाव्या हाताने पाणी उपस!"

ती माझ्यावर ओणवी झाली. पुढच्या धडकेत तिचं कपाळ कठड्यावर आपटलं, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी ती बिजागऱ्यांच्या खिळीवर हातोडा मारत राहिली. ती रडत होती. "बाबा, रागावू नका," एवढंच म्हणत होती. खीळ निघाली आणि मी बिजागऱ्यांवरून सुटलो.

ट्यूनाचं डोकं अजून माझ्या कडीलाच लटकत होतं. ओर्का माझ्यावर तुटून पडल्या. मला उडवलं, चावलं, माझी खालची कड मोडून टाकली. मी फार घाबरलो होतो. पण तिकडे वल्ह्यावर झुकलेली ओलिवा 'मारिस्मा'ला बंदराकडे वळवताना दिसत होती, आणि एकही ओर्का तिच्या मागे नव्हती. त्या वेळी मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा आयुष्यात कधी वाटला नाही.

लाटांनी मला त्राफाल्गारच्या किनाऱ्यावर, वाळूत आणून टाकलं. बातमी लागताच दोघं आली. ओलिवाच्या कपाळावर टाके होते, मेल्चोरचा हात प्लास्टरमध्ये. त्याने माझ्यावरच्या ओरखड्यांवर बोट फिरवलं.

"बघ, काय दात आहेत सटवीचे! पण घाबरू नकोस, मी हे जोडून पुन्हा लावतो."

ओलिवाने मला उलटं केलं. तिथे एक खोल भोक होतं आणि त्यातून निघालेली चीर थेट वरपर्यंत गेली होती.

"दातांनी नुसती कड गेलीय. ती बसवता आली असती," सुताराची लेक म्हणाली. "ही चीर नाही जोडता येणार. आणि हे भोक दाताचं नाही."

मेल्चोरने त्या भोकात बोट घालून बघितलं. मग अगदी हळू म्हणाला, "हे मी मोडलं का गं?"

"हो," ओलिवा म्हणाली. तिने त्याची समजूत घातली नाही. पण त्याचा धड हात धरून ती त्याच्याशेजारी वाळूत बसली.

आता 'मारिस्मा'ला नवं सुकाणू आहे आणि मी धक्क्यावर भिंतीला टेकून उभा आहे. वसंत आला, की मेल्चोर जाळ्यांवर जातो. परत आल्यावर हातातला नवा आकडा माझ्याजवळ ठेवतो, हात धुतो आणि मगच होडीवर पाय टाकतो. मित्रांनो, तुमच्याही डोक्यात राग असेल आणि हातात काही असेल, तर कृपा करून आधी ते खाली ठेवा. ज्याच्यावर तुम्ही उगारता तो बुडी मारून निघून जातो, आणि घाव घरातल्याच कुणाला तरी लागतो. मला फर्मिन सुतारांनी मन लावून केलं होतं. माझ्यासारखं दुसरं करायला आता ते नाहीत.